'निरंक' अहवाल पुरेसा मानू नये : लोकलेखा समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सन्माननीय सदस्य,
लोकलेखा समिती, महाराष्ट्र विधानमंडळ,
विधान भवन, मुंबई.

विषय : शासकीय कार्यालयांतील सायबर सुरक्षेवरील खर्च आणि सायबर घटनांचा तपशील विधिमंडळासमोर येण्याबाबत.

महोदय,

राज्य शासनाच्या संगणक यंत्रणा सुरक्षित ठेवण्यासाठी दरवर्षी नेमका किती पैसा खर्च होतो, आणि त्याच वर्षात त्या यंत्रणांवर किती हल्ले झाले, त्यांतले किती यशस्वी ठरले, या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र देणारा एकही कागद आज सर्वसामान्य नागरिकाच्या हाती येत नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तो आपल्या समितीसमोरही नियमाने ठेवला जात नाही. शासनाचा खर्च विधिमंडळाच्या वतीने तपासणारी समिती म्हणून तो कागद दरवर्षी मागवण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो वापरावा, एवढ्या एकाच विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

शासकीय आणि निमशासकीय कार्यालयांच्या संगणक यंत्रणांची सुरक्षा तपासणी करणे हे माझे काम आहे. या कामात गोपनीयतेचे बंधन असते, त्यामुळे पुढे जिथे जिथे मी स्वतः पाहिलेले सांगेन तिथे कार्यालयाचे नाव, जिल्हा किंवा विभाग देणार नाही. ज्या घटना सार्वजनिक झालेल्या आहेत त्यांची नावे मात्र घ्यावीच लागतील.

प्रथम पैशाबद्दल. अर्थसंकल्पाच्या तपशीलवार मागण्यांमध्ये प्रत्येक विभागाच्या खाली '१७-संगणक खर्च' हे उद्दिष्ट शीर्ष, म्हणजे खर्च कशावर झाला हे दाखवणारी ओळ, असते. नवे संगणक, प्रिंटर, टोनर, सॉफ्टवेअरचे परवाने, देखभालीचे वार्षिक करार आणि सुरक्षेसाठी घेतलेली साधने, हे सर्व त्या एका ओळीत येते. काही भाग 'व्यावसायिक सेवा' या शीर्षाखाली जातो, कारण तपासणी करणाऱ्या संस्थांची देयके तिथून निघतात, आणि काही 'कार्यालयीन खर्चा'त मिसळतो. एखाद्या विभागाने वर्षभरात पन्नास लाख रुपये संगणक खर्चात टाकले असतील तर त्यांतले किती टोनरवर गेले आणि किती बॅकअपवर, हे मंत्रालयातल्या त्या विभागाच्या सचिवांनाही नस्त्या काढून बेरीज केल्याशिवाय सांगता येणार नाही. ज्या खर्चाला स्वतंत्र शीर्षच नाही त्याची तरतूद पुरेशी होती की अपुरी, हे विधिमंडळाने तपासायचे तरी कसे?

यावर असे सांगितले जाईल की राज्याने ८३७ कोटी रुपयांचा महाराष्ट्र सायबर सुरक्षा प्रकल्प मंजूर केला, नवी मुंबईतील महापे येथे त्याचे केंद्र उभे राहिले आणि नागरिकांसाठी १९४५ हा मदत क्रमांक सुरू झाला. हे काम महत्त्वाचे आहे आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. त्या प्रकल्पात राज्याचे संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक आणि सुरक्षा देखरेख केंद्र यांचाही समावेश आहे. तथापि त्याचा मोठा भार नागरिकांची फसवणूक करणाऱ्यांचा तपास आणि त्यासाठी लागणारे तंत्रज्ञान यांवर आहे. एखाद्या तालुक्याच्या कार्यालयातला सर्व्हर अद्ययावत आहे का, त्याचा बॅकअप कोणी पडताळून पाहिला आहे का, तिथला फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारी धोकादायक माहिती अडवणारी यंत्रणा, चालू आहे का, ही जबाबदारी महापे येथून पार पडू शकत नाही. ती त्या त्या विभागाचीच राहते आणि तिचा पैसा त्या विभागाच्या अंदाजपत्रकातूनच यावा लागतो.

तिथे काय घडते ते एका उदाहरणाने सांगतो. एका जिल्हास्तरीय कार्यालयात तपासणीसाठी गेलो असता सर्व्हरच्या कपाटात फायरवॉलचे यंत्र व्यवस्थित बसवलेले दिसले. ते मार्चअखेरीस, निधी व्यपगत होऊ नये म्हणून, शासकीय खरेदीच्या जेम पोर्टलवरून घेतलेले होते. त्याचा परवाना संपून बराच काळ लोटला होता, म्हणजे यंत्र चालू होते, दिवे लागत होते, पण नव्या धोक्यांची माहिती त्याला मिळणे थांबले होते. तिथल्या तांत्रिक सहायकाने परवाना नूतनीकरणाची टिपणी वेळेत सादर केली होती. ती परत आली होती आणि समासात शेरा होता : 'सदर बाब आवश्यक आहे किंवा कसे, तसेच यापूर्वी कार्यालयात अशी घटना घडली असल्यास तपशीलासह फेरसादर करावे.' घटनांच्या नोंदी कुठे आहेत असे विचारल्यावर त्याने मासिक अहवालांची फाईल काढून दिली. सायबर घटना या रकान्यात प्रत्येक महिन्यापुढे 'निरंक', म्हणजे सांगण्यासारखे काही नाही, असे लिहिलेले होते. त्याच कार्यालयात एका लिपिकाच्या संगणकावरील सर्व फायली एकदा कुलूपबंद झाल्या होत्या आणि संगणक फॉरमॅट करून विषय मिटवण्यात आला होता, ही गोष्ट मला तिथल्याच कर्मचाऱ्यांनी सांगितली. तो महिनाही निरंकच होता. ज्या कार्यालयात कधी काही घडलेच नाही त्याला नूतनीकरणासाठी पैसे कशाला हवेत, असा प्रश्न लेखाशाखेने विचारला तर तो कागदावरून बिनतोड आहे.

मला आपल्यासमोर मांडायचे आहे ते नेमके हे. खर्चाचा प्रश्न आणि घटना कळवण्याचा प्रश्न वेगळे नाहीत. घटना नोंदली जात नाही म्हणून पैसा मागायला आधार मिळत नाही. पैसा नसल्यामुळे घटना लक्षात येण्याची साधनेच नसतात, आणि लक्षात न आलेली घटना पुन्हा निरंक म्हणून नोंदली जाते. मग एखादा मोठा हल्ला होतो, वर्तमानपत्रांत बातम्या येतात, पुरवणी मागणीतून घाईने रक्कम मंजूर होते आणि ती बहुतेक वेळा यंत्रे विकत घेण्यावर खर्च होते, कारण यंत्र दाखवता येते, त्याचे देयक काढता येते आणि उद्घाटनही करता येते.

कायद्यात घटना कळवण्याचे बंधन नाही असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७०ब खाली नेमलेल्या 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, त्यांत नमूद केलेल्या प्रकारांपैकी कोणतीही सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळवणे बंधनकारक आहे. हे निर्देश खासगी कंपन्यांइतकेच शासकीय संस्थांनाही स्पष्टपणे लागू आहेत. यंत्रणेच्या नोंदी, म्हणजे ज्यांना या क्षेत्रात लॉग म्हणतात त्या, १८० दिवस जपून ठेवण्याचे बंधनही त्यात आहे. निर्देश न पाळल्यास शिक्षेची तरतूद आहे. परंतु एखाद्या पंचायत समितीने किंवा नगरपरिषदेने सहा तासांत घटना कळवली नाही म्हणून कोणावर खटला भरला जाईल असे त्या कार्यालयांतल्या कोणालाही वाटत नाही, आणि लॉग १८० दिवस ठेवायला लागणारी साठवण कोणत्या शीर्षातून घ्यायची हेही कोणी सांगितलेले नाही.

केंद्राने संसदेत दिलेले आकडे पाहावेत. शासकीय संस्थांशी संबंधित सायबर घटना २०२१ मध्ये ४८,२८५ होत्या, २०२२ मध्ये त्या १,९२,४३९ झाल्या आणि २०२३ मध्ये २,०४,८४४. एका वर्षात संख्या जवळजवळ चौपट झाली, आणि तेच वर्ष सहा तासांच्या निर्देशांचेही आहे. हल्ले वाढले, की आधी झाकलेले हल्ले कळवले जाऊ लागले, की दोन्ही? एकत्रित आकड्यावरून याचे उत्तर देता येत नाही. एखाद्या संकेतस्थळाची चाचपणी झाली तीही एक घटना आणि रुग्णालय पंधरवडाभर ठप्प झाले तीही एक घटना, अशी बेरीज करून धोरण ठरवता येत नाही. शिवाय कळवलेली माहिती दिल्लीत जाते. ती राज्याच्या विधिमंडळाकडे, म्हणजे त्या कार्यालयाला पैसा मंजूर करणाऱ्या सभागृहाकडे परत येण्याची कोणतीही ठरलेली वाट मला आढळलेली नाही.

नागरिकांसाठी तर ती वाट आणखी अरुंद झाली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने सर्ट-इनचा समावेश माहितीच्या अधिकाराच्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत केला. त्यामुळे भ्रष्टाचाराचे व मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे आरोप वगळता तिच्याकडील माहिती मागता येत नाही. संस्थेच्या तपासाचे काही भाग गुप्त ठेवावे लागतात, हे मी व्यवसायामुळे जाणतो. पण दार तिथे बंद झाले असेल तर निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या समितीचे दार उघडे असणे अधिकच गरजेचे झाले आहे.

आपल्याच राज्यातल्या दोन घटना आठवाव्यात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि करोनाच्या काळात रुग्णालयांना जनित्रांवर चालावे लागले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये, एका अमेरिकी संस्थेच्या अहवालाची बातमी आल्यानंतर, राज्याच्या मंत्र्यांनी सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन सांगितले की वीज यंत्रणेत चौदा ट्रोजन, म्हणजे छुपे घातक प्रोग्रॅम, घुसवले गेले असण्याची आणि परदेशी सर्व्हरवरून सुमारे आठ जीबी माहिती यंत्रणेत आली असण्याची शक्यता आहे. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी सांगितले की वीज जाण्याचे कारण मानवी चूक होती आणि सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. दोन सरकारांनी दोन उत्तरे दिली आणि दीड-दोन कोटी लोकांना त्यांतले कोणते खरे मानायचे हे ठरवण्याचे साधन मिळाले नाही. त्यातून घडायला हवा होता तो खर्चाचा निर्णयही अधांतरी राहतो, कारण वीज जाण्यामागे मानवी चूक असेल तर प्रशिक्षणावर आणि संरक्षण प्रणालीच्या समन्वयावर पैसा जायला हवा, आणि घुसखोरी असेल तर वीज यंत्रणा नियंत्रित करणारे संगणकीय जाळे इतर जाळ्यांपासून वेगळे करण्यावर.

दुसरी घटना २१ मार्च २०२१ ची, रविवारची. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या यंत्रणेवर 'सिनॅक' या रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाला. अंधेरीच्या मुख्यालयासह राज्यभरातल्या प्रादेशिक कार्यालयांचे काम अडले, भूखंडांची ऑनलाइन प्रकरणे खोळंबली. पाचशे कोटींची खंडणी मागितल्याच्या बातम्या आल्या, तर महामंडळाने खंडणीच्या चिठ्ठीत रकमेचा थेट उल्लेख नसल्याचे सांगितले. त्याच सुमारास पिंपरी-चिंचवडच्या स्मार्ट सिटी प्रकल्पाचे २७ सर्व्हर रॅन्समवेअरने बाधित झाले आणि त्याची पोलीस तक्रार प्रकल्प चालवणाऱ्या ठेकेदार कंपनीकडून दाखल झाली. एका महिन्यात, एकाच राज्यात, दोन सार्वजनिक यंत्रणा. महामंडळ हे सार्वजनिक उपक्रम समितीच्या कक्षेत येते, स्मार्ट सिटीची कंपनी महापालिकेच्या, जिल्हा परिषदा पंचायत राज समितीच्या आणि शासनाचे विभाग आपल्या. हल्ला करणारा या कक्षा पाहून येत नाही, त्यामुळे किमान माहितीच्या पातळीवर तरी या समित्यांनी हे विषय एकत्र पाहावेत असे मला वाटते.

या घटनांनंतर काय शिकलो, हे सांगणारा सविस्तर, सार्वजनिक अहवाल आपल्याकडे निघाला नाही, हे मला सर्वांत जास्त खटकते. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी हल्ला झाला. सुमारे दोन आठवडे नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, दाखल रुग्णांच्या नोंदी हाताने लिहाव्या लागल्या. बाहेरगावाहून, महाराष्ट्रातूनही, तिथे उपचारांसाठी जाणाऱ्यांनी रांगेत काय सोसले असेल याची कल्पना करता येते. संसदेतील उत्तरांतून एवढे कळले की पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, संगणकीय जाळ्याची वेगवेगळ्या भागांत विभागणी योग्य नव्हती आणि एक बॅकअप सर्व्हर वाचल्यामुळे ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळवता आली. जाळ्याची विभागणी योग्य का नव्हती, ती करण्याचा प्रस्ताव कधी आला होता का, आला असल्यास तो कोणत्या टेबलावर थांबला, वाचलेला बॅकअप नियोजनामुळे वाचला की योगायोगाने, यांतले काहीही बाहेर आले नाही. देशातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला त्या उत्तरांची गरज होती.

आयर्लंडमध्ये १४ मे २०२१ रोजी तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि तिची सुमारे ऐंशी टक्के संगणकीय यंत्रणा कुलूपबंद झाली. त्या सेवेने त्रयस्थ संस्थेकडून चौकशी करून घेतली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अहवाल लोकांसमोर ठेवला. एका कर्मचाऱ्याने १८ मार्च रोजी एका ई-मेलला जोडलेली एक्सेलची फाईल उघडली, तिथून घुसखोर शिरले आणि आठ आठवडे आत राहिले, हे त्यात लिहिलेले आहे. त्या पहिल्या संगणकावरील व्हायरसरोधक प्रणालीने ३१ मार्च रोजी संशयास्पद साधने ओळखली होती, पण ती केवळ नोंद घेण्याच्या स्थितीत ठेवलेली असल्यामुळे तिने काहीच अडवले नाही, हेही लिहिले आहे. तीस हजारांहून अधिक संगणक विंडोज ७ वर चालत होते आणि सायबर सुरक्षेची जबाबदारी असलेला एकही वरिष्ठ अधिकारी संस्थेत नव्हता, हे कबूल केले आहे. ज्याने फाईल उघडली त्याला दोषी ठरवून प्रकरण मिटवलेले नाही. एखाद्याने चुकीची फाईल उघडणे अटळ आहे असे गृहीत धरून, ती उघडल्यानंतरच्या आठ आठवड्यांत संस्था का जागी झाली नाही याचा शोध त्यात आहे. तो अहवाल वाचून कोणत्याही देशातला अर्थ विभाग पैसा कुठे घालायचा हे ठरवू शकतो.

आपल्या कार्यालयांत मात्र पहिला प्रश्न 'कोणी केले?' हाच असतो. सायबर घटना कळवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती प्रथम कारणे दाखवा नोटीस पडते, हा समज इतका खोलवर रुजलेला आहे की संगणकावर संशयास्पद काही दिसले तर तो बंद करून ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला बोलावणे हीच रीत होऊन बसली आहे. दुरुस्तीवाला फॉरमॅट करतो आणि सोबत सगळा पुरावाही पुसला जातो. सहा तासांचा नियम कितीही कडक केला तरी, ज्याला सर्वप्रथम कळते त्यालाच गप्प राहण्यात आपले हित दिसत असेल, तर घड्याळ सुरूच होत नाही. म्हणून सामान्य प्रशासन विभागाने असा स्पष्ट शासन निर्णय काढावा की घटना वेळेत आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्या कर्मचाऱ्यावर केवळ त्या कारणासाठी महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ खाली कारवाई होणार नाही, आणि जाणूनबुजून दडवल्यास मात्र होईल. यासाठी एक रुपयाही लागत नाही. आपल्या समितीने शिफारस केली तर तो निघू शकतो.

लहान कार्यालयांकडे दुर्लक्ष करता येणार नाही. २०२५ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातील शेंदुरसनी या जेमतेम दीड हजार वस्तीच्या गावाच्या ग्रामपंचायतीच्या नावावर जन्माच्या सत्तावीस हजारांहून अधिक नोंदी झाल्याचे उघड झाले आणि विशेष तपास पथक नेमावे लागले. तपासाचा निष्कर्ष काय निघेल तो निघो. परंतु एवढ्याशा गावात काही महिन्यांत सत्तावीस हजार जन्म नोंदले जात असताना कोणत्याही टप्प्यावर यंत्रणेने धोक्याची घंटा वाजवली नाही आणि प्रकार पडताळणीत लक्षात आला, एवढे तरी निश्चित आहे. तपासणीच्या कामात मी डिजिटल स्वाक्षरीची टोकन, म्हणजे स्वाक्षरी साठवलेली पेन ड्राइव्हसारखी वस्तू, संगणकाला कायमची जोडलेली आणि तिचा पिन मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर लिहिलेला पाहिला आहे. ज्याची स्वाक्षरी होती ते अधिकारी दौऱ्यावर होते आणि दाखले निघत होते. त्यांच्याकडे तीन गावांचा अतिरिक्त कार्यभार होता आणि दाखले थांबले असते तर तक्रारी झाल्या असत्या. सुरक्षा आणि अपुरे मनुष्यबळ यांचा असा थेट संबंध आहे, आणि तो कोणत्याही यंत्राच्या खरेदीने सुटत नाही.

किती खर्च करावा, याबद्दलही मत मांडतो. डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया या माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या संस्थेने २०२० मध्ये राष्ट्रीय धोरणासाठी केलेल्या शिफारशींत वार्षिक अर्थसंकल्पाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम सायबर सुरक्षेसाठी ठेवावी आणि मंत्रालयांनी आपल्या माहिती तंत्रज्ञान खर्चातील १५ ते २० टक्के यासाठी राखावेत असे सुचवले होते. टक्केवारी ठरली तर चर्चेला आधार मिळतो, म्हणून ती असावी. पण माझा अनुभव असा की टक्केवारी पूर्ण करणे हेच उद्दिष्ट होऊन बसले तर मार्चअखेरीस आणखी काही यंत्रे येतील. बॅकअपमधून माहिती खरोखर परत आणता येते का याची वर्षातून दोनदा घेतलेली चाचणी, प्रत्येक जिल्ह्यात लॉग वाचू शकणारे आणि कंत्राट संपल्यावर निघून न जाणारे दोन प्रशिक्षित लोक, कालबाह्य संगणकांची यादी आणि ते बदलण्याचे वेळापत्रक, हे खर्च फोटोत दिसत नाहीत आणि म्हणून नेहमी मागे पडतात. खर्च कशावर झाला हे जोवर स्वतंत्र उपशीर्षात दिसत नाही तोवर किती झाला या आकड्याला फारसा अर्थ नाही.

यावर सुरक्षेचेच कारण पुढे करून असे म्हटले जाईल की ही माहिती उघड केल्यास हल्लेखोरांना वाट दाखवल्यासारखे होईल. या आक्षेपात तथ्य आहे, पण मर्यादित. कोणत्या सर्व्हरमध्ये कोणती त्रुटी आजही उघडी आहे हे जाहीर करू नये, याबद्दल दुमत नाही. मात्र गेल्या वर्षी अमुक विभागात किती घटना घडल्या, त्या लक्षात यायला किती दिवस लागले, कळवायला किती तास लागले, किती नागरिकांची माहिती बाधित झाली, सेवा किती काळ बंद राहिली, आणि मंजूर रकमेपैकी किती रक्कम अखर्चित राहिली, यांतून कोणत्याही हल्लेखोराला नवीन काही कळत नाही. घुसलेल्याला तो घुसल्याचे आधीच माहीत असते. अंधारात राहतो तो नागरिक, आणि त्याच्या वतीने पैसे मंजूर करणारे सभागृह. शिवाय समितीच्या बैठका खासगीतच होतात आणि अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत कामकाज गोपनीय असते, त्यामुळे जे खरोखर नाजूक आहे ते सचिवांकडून बैठकीत ऐकून घेण्याची सोय आपल्याकडे आधीपासून आहे.

नागरिकाचा विषय निघालाच आहे तर वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याचाही उल्लेख करणे भाग आहे. २०२३ च्या या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहितीचा भंग झाल्यास संबंधित प्रत्येक व्यक्तीला विनाविलंब कळवणे आणि या कायद्याखालील माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील देणे ही बंधने नियम अधिसूचित झाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होतील. शासनाच्या काही संस्थांना सूट देण्याची तरतूद कायद्यात असली तरी महसूल, शिक्षण, समाजकल्याण असे विभाग सर्वसाधारणपणे या कक्षेत येतील असे धरून चालणे शहाणपणाचे ठरेल. ज्यांच्याकडे शेतकऱ्यांचे सातबारे, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची खाती, लाभार्थ्यांचे आधार आणि बँक तपशील आहेत त्या विभागांपैकी किती विभाग आज कोणाची माहिती बाधित झाली हे शोधून काढून त्या प्रत्येक माणसाला कळवू शकतील? याची तयारी २०२७ च्या मे महिन्यात सुरू करून चालणार नाही. त्यासाठी लागणारी तरतूद येत्या अंदाजपत्रकात दिसायला हवी.

आपल्याकडून अपेक्षा अशी की अर्थ विभागास सायबर सुरक्षेसाठी संगणक खर्चाखाली स्वतंत्र उपशीर्ष उघडण्याची शिफारस करावी, प्रत्येक प्रशासकीय विभागाकडून घटनांची संख्या, त्या लक्षात येण्यास व कळवण्यास लागलेला वेळ, बाधित नागरिक, सेवा बंद राहिल्याचा काळ आणि अखर्चित रक्कम हा वर सांगितलेला तपशील असलेले विवरणपत्र दरवर्षी अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी मागवावे, आणि ज्या विभागाचे विवरणपत्र संपूर्ण निरंक येईल त्याच्या सचिवांना सर्वप्रथम साक्षीसाठी बोलवावे. हजारो संगणक, शेकडो कार्यालये आणि लाखो लाभार्थी असलेल्या विभागात वर्षभरात एकही घटना घडली नाही, हे विधान समाधानाने स्वीकारण्याजोगे नाही. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की तिथे पाहणारे कोणी नाही. महालेखापालांना या विषयावर स्वतंत्र कार्यमापन लेखापरीक्षा हाती घेण्याची विनंतीही समितीने करावी. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५१ नुसार तो अहवाल विधिमंडळासमोर येईल आणि मग त्यावर उघडपणे चर्चा होऊ शकेल.

विवरणपत्राचा नमुना कसा असावा, तालुका पातळीवरचा लिपिकही तो अर्ध्या तासात भरू शकेल अशा रीतीने त्यात कोणते रकाने ठेवावेत, आणि त्यातील कोणते रकाने गोपनीय मानावेत, याचा मसुदा मी तयार केला आहे. तो समितीच्या सचिवालयाकडे स्वतंत्र टपालाने पाठवत आहे. समितीने बोलावल्यास साक्ष देण्याचीही माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
सायबर सुरक्षा तपासणीच्या क्षेत्रात काम करणारा एक नागरिक